गोळी घेतली म्हणजे देवावरचा विश्वास कमी पडला का? अल्सरेटिव्ह कोलायटिस असलेल्या एका बहिणीला उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. वय २७, तीन वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुजेचा दीर्घकाळ चालणारा आजार. गेल्या पावसाळ्यात एका चंगाई सभेत (आजार बरे व्हावेत म्हणून भरणाऱ्या प्रार्थनासभेत) तुमच्यासाठी प्रार्थना झाली, त्यानंतर रक्त आणि मुरडा दोन्ही थांबलं. तुम्ही मंडळीत, म्हणजे चर्चमधल्या लोकांसमोर, तशी साक्ष दिली आणि गोळ्या बंद केल्या. काही महिन्यांनी रक्त परत दिसू लागलं. मंडळीतले काही जण म्हणतात, विश्वास डळमळला म्हणून आजार परतला. आई म्हणते, २१ दिवसांची उपासप्रार्थना कर. डॉक्टर म्हणतात, गोळ्या आजपासून सुरू करा. आणि तुम्ही विचारता की गोळी घेतली तर तो देवावरचा अविश्वास ठरेल का. अगदी शेवटी एक ओळ आहे: उपासनेतून मध्येच उठावं लागतं, म्हणून चर्चला जाणंच सोडलं आहे.

ही शेवटची ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तिच्याकडे येतेच, पण आधी बाकीचं मोकळं करू.

मी परिचारिका आहे. मिशनच्या दवाखान्यात शिकले, नंतरची बहुतेक नोकरी पोटाच्या विकारांच्या वॉर्डात आणि स्टोमा क्लिनिकमध्ये (पोटावर शौचाची पिशवी लावलेल्यांच्या दवाखान्यात) झाली. माहेर-सासर दोन्ही नगरकडच्या मंडळ्यांमधलं. त्यामुळे तुमच्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू माझ्या घरातल्याच आहेत. तुमचा डोस किती असावा, कोणतं औषध लागेल, हे मी सांगणार नाही. सूज फक्त गुदाशयापुरती आहे, डाव्या बाजूपर्यंत गेली आहे की पूर्ण मोठ्या आतड्यात आहे, हिमोग्लोबिन किती आहे, शेवटची कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) कधी झाली, या सगळ्यावर ते ठरतं. क्रोन्स (आतड्याच्या सुजेचाच दुसरा आजार) असलेल्या वाचकांसाठी गणित आणखी वेगळं असतं. आपल्याकडे आतड्याचा टीबी आणि क्रोन्स इतके सारखे दिसतात की निदानालाच वेळ लागतो. पण तुम्ही जे विचारलंय ते डोसाबद्दल नाहीच.

आजाराचा स्वभाव आधी समजून घ्या, कारण अर्धा गोंधळ तिथून सुरू होतो. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, त्यावर जखमा होतात, म्हणून शौचावाटे रक्त आणि आव पडते. शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उलटलेली असते. आनुवंशिकता, आतड्यातले जिवाणू, बदललेलं राहणीमान या सगळ्यांचा त्यात हात असतो. एकच एक कारण सापडलेलं नाही. हा आजार सरळ रेषेत चालत नाही. तो उसळतो आणि शांत होतो. औषधाने शांत होतोच, पण कधीकधी आपणहूनही काही काळ शांत बसतो. औषधांच्या चाचण्यांमध्ये ज्यांना नुसती औषध नसलेली गोळी दिलेली असते, त्यांच्यातलेही काही जण तेवढ्यापुरते बरे होतात.

आणि शांत होणं दोन प्रकारचं असतं. रक्त थांबलं, मुरडा थांबला, दिवसातून एकदाच जावं लागतं, हे झालं आपल्याला जाणवणारं. आतलं अस्तर भरून आलं का, हे मात्र जाणवत नाही. ते शौचाच्या, सूज किती आहे ते दाखवणाऱ्या कॅलप्रोटेक्टिन तपासणीतून आणि कोलोनोस्कोपीतून कळतं. कितीतरी जणांच्या बाबतीत बाहेरून सगळं छान असतं आणि आत सूज तशीच असते. गोळी बंद केली की ती वर येते, कधी महिन्याभरात, कधी सहा महिन्यांनी. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात आजार शांत असलेल्या, मेसालामाइन (या आजारातलं सूज उतरवणारं नेहमीचं औषध) घेणाऱ्या ९९ रुग्णांवर लक्ष ठेवलं होतं. ज्यांनी गोळ्या नेमाने घेतल्या त्यांच्यात दोन वर्षांनंतरही आजार शांत राहण्याची शक्यता ८९ टक्के निघाली, आणि ज्यांनी घेतल्या नाहीत त्यांच्यात ३९ टक्के.

म्हणून तुमचं रक्त का परतलं, याचं उत्तर शोधायला तुमच्या मनात डोकावण्याची गरज नाही. गोळी बंद झाली, आणि गोळी बंद झाल्यावर हा आजार असाच वागतो. माझ्या वॉर्डात मंदिरात जाणारे आले, मशिदीत जाणारे आले, कुठेच न जाणारे आले. गोळ्या सोडल्यावर त्यांचंही असंच झालं. त्यांच्यापैकी कुणाचा येशूवरचा विश्वास डळमळला नव्हता.

आता सभेतल्या त्या प्रार्थनेबद्दल. तुम्हाला त्या दिवशी जे जाणवलं ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही. देव बरं करतो यावर माझा विश्वास आहे, मी स्वतः रुग्णांच्या उशाशी बसून त्यासाठी प्रार्थना करते. पण तुम्ही तेव्हा कित्येक महिने गोळ्याही घेत होतात. देवाने त्या गोळीतून काम केलं नाही, असं कुणी कशावरून ठरवलं?

शुभवर्तमानात एक गोष्ट आहे, तिच्याकडे अशा वेळी कुणाचं लक्ष जात नाही. येशूने कुष्ठरोग्याला बरं केलं तेव्हा त्याला सांगितलं की जाऊन स्वतःला याजकाला, म्हणजे यहुदी पुरोहिताला, दाखव. मार्कच्या पहिल्या अध्यायात एकाला सांगितलं, लूकच्या सतराव्यात दहा जणांना. तेव्हाच्या नियमशास्त्राप्रमाणे कातडीचा रोग खरोखर गेला की नाही हे पाहण्याचं काम याजकाकडे होतं. लेवीय १४ मध्ये त्याची पद्धत सविस्तर दिली आहे: याजक छावणीबाहेर जाऊन तपासतो, आणि त्याने शुद्ध ठरवल्यावरच माणूस परत आत येतो. ज्याने बरं केलं त्यानेच तपासून घ्यायला पाठवलं. तपासणीने त्या माणसाच्या विश्वासाला कमीपणा आला, असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही.

म्हणून "मला चंगाई मिळाली" असं कुणी सांगितलं की मी एवढंच म्हणते: देवाचे आभार मानू, गोळी चालू ठेवू आणि दाखवून येऊ. सगळं डॉक्टरांना खुलेपणाने सांगा. अस्तर खरंच भरून आलं असेल तर ते तपासणीत दिसेल, आणि औषध कमी करायचं की नाही ते डॉक्टर तुमच्यासोबत बसून ठरवतील. तुमची साक्ष खरी असेल तर तपासणीने ती पक्कीच होईल.

तुम्हाला कुणीतरी आसा राजाचं उदाहरण दिलं असेलच. अशा चर्चेत ते हमखास निघतं. दुसऱ्या इतिहासाच्या सोळाव्या अध्यायात त्याच्या पायांना रोग झाल्याचं लिहिलंय, आणि त्याने परमेश्वराकडे न जाता वैद्यांकडे धाव घेतली असा ठपका आहे. तो अध्याय सुरुवातीपासून वाचा. आसा आधीच देवाकडे पाठ फिरवून परक्या राजाच्या फौजेच्या भरवशावर बसला होता, आणि समजावायला आलेल्या द्रष्ट्याला त्याने तुरुंगात टाकलं होतं. ठपका आहे तो देवाला सोडल्याचा. त्याच्या शेजारी यशया ३८ ठेवा. हिज्कीया राजा मरणाला टेकला होता, त्याने रडून प्रार्थना केली, देवाने ती ऐकली, आयुष्याची १५ वर्षं वाढवून दिली, आणि त्याच अध्यायात संदेष्टा सांगतो की गळवावर अंजिरांचा लेप लावा. प्रार्थना आणि लेप एकाच पानावर आहेत. प्रेषित पौलाच्या सोबत्यांपैकी लूक वैद्य होता. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याला वारंवार पोटाचं दुखणं होतं, तेव्हा पौलाने त्याला नुसतं पाणी पिणं सोडून थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. त्या काळचं ते औषधच. त्रफिम या दुसऱ्या सोबत्याला तर पौल मिलेत शहरात आजारी अवस्थेत मागे ठेवून पुढे गेला, आणि त्याच्या विश्वासाबद्दल एक शब्दही वावगा बोलला नाही.

आपल्या मराठी मंडळ्यांनी तर औषधाकडे संशयाने पाहण्याचं काहीच कारण नाही. मिशनरी डॉक्टर विल्यम वॉन्लेस १८८९ साली भारतात आले आणि १८९४ साली मिरजेला त्यांचं रुग्णालय उभं राहिलं. नगरला मुक्तिफौजेचं बूथ हॉस्पिटल आहे. आपल्या किती घरांतल्या आज्या आणि मावश्या अशाच दवाखान्यांत नर्सिंग शिकल्या! या भागात शुभवर्तमान आणि शस्त्रक्रियेचं टेबल बरोबरच आलं.

"हे माझ्या कुठल्या पापामुळे झालं का," असंही तुम्ही विचारलंय. योहान ९ मध्ये जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्यांनी हेच विचारलं होतं: पाप कोणाचं, याचं की याच्या आईवडिलांचं? येशूने दोन्ही नाकारलं. यापुढे कुणी हा विषय काढला तर त्यांना हा अध्याय वाचायला सांगा, वाद घालू नका. आजारी माणसाने स्वतःचा बचाव करत बसायचं नसतं, तेवढी ताकदच नसते.

आता उपास. इथे मी ठाम आहे. रक्त जात असताना २१ दिवसांचा उपास करू नका. एक वेळचाही नको, आणि निर्जळी तर मुळीच नको. सूज चालू असताना आतड्यातून रक्तासोबत प्रथिनं जातात, पाणी जातं, पोटॅशियमसारखे क्षार जातात. शरीराला जखम भरून काढायला जास्त अन्न हवं असतं. त्यात उपास म्हणजे काही दिवसांत चक्कर, अशक्तपणा, सलाईन. स्टेरॉइड चालू असेल तर रिकाम्या पोटी ते सोसत नाही, म्हणून लोक उपासात गोळीच चुकवतात, आणि बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉइड एकदम थांबवणं जिवावर बेतू शकतं. ज्यांना इलिओस्टोमी आहे (लहान आतड्याचं तोंड पोटावर काढून पिशवी लावलेली आहे) त्यांच्या पिशवीतून तर दिवसभर पाणी जातच असतं, त्यांच्यासाठी निर्जळी उपास म्हणजे सरळ धोका.

एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली पडून "आता पुरे, माझा जीव घे" म्हणाला, तेव्हा देवदूताने आधी काय केलं ते पाहा. त्याला उठवून भाकर आणि पाणी दिलं. त्याला परत झोपू दिलं. पुन्हा उठवून पुन्हा खायला घातलं, कारण वाट मोठी होती. देवाचं बोलणं त्यानंतर आलं. थकलेल्या शरीराशी देव असा वागतो.

कॅथलिक वाचकांसाठी एक गोष्ट इथेच सांगते, वसईहून मला हे नेहमी विचारलं जातं. तुमच्या कॅनन लॉमध्ये (चर्चच्या कायद्यात) उपासाचं बंधन १८ ते ५९ वयाला आहे आणि आजारी माणसाला त्यातून मोकळीक आहे. कम्युनियनपूर्वीचा एक तासाचा उपासही आजारी माणसाला आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्याला लागू नाही. लेंटमध्ये (ईस्टरआधीच्या उपासकाळात) मनावर ओझं घेऊन बसू नका, फादरांशी एकदा बोला.

तुमच्या आईंचा आग्रह प्रेमातून आहे, तो मोडून काढू नका. त्यांना म्हणा, आई, उपास तू कर आणि माझ्यासाठी प्रार्थना कर, पण मला दोन घास करून घाल. आजार उसळलेला असताना मऊ भात, मुगाचं वरण, साल काढून मऊ शिजवलेला दुधी, उकडलेला बटाटा, अंडं, केळं, सोसत असेल तर ताजं दही. कच्ची कोशिंबीर, मक्याचं कणीस, झणझणीत रस्सा सध्या बाजूला. सगळ्यांना चालेल असा एक आहार या आजारात नाही; काय खाल्लं की त्रास होतो ते वहीत लिहीत जा. आजार शांत झाला की बहुतेकांना भाकरी-भाजी पूर्वीसारखी खाता येते, उगाच वर्षानुवर्षं पथ्य पाळून हाडं काढू नका.

आता ती शेवटची ओळ.

शौच हा विषय आपल्याकडे तोंडातून निघत नाही. हार्टचा पेशंट सगळ्या मंडळीला ऑपरेशनची खूण दाखवतो, पण आतड्याचा पेशंट "जरा बरं नव्हतं" एवढंच म्हणतो. मग लोकांना कळत नाही, आणि कळत नाही म्हणून ते अंदाज करतात. तुमच्या आजाराच्या सर्वात जवळची व्यक्ती पवित्र शास्त्रात कोण, असं मला विचाराल तर मार्क ५ मधली ती बारा वर्षं रक्तस्राव होणारी स्त्री. लोक तिची गोष्ट विश्वासाने बरं होण्यासाठी सांगतात. मला तिच्यात आणखी काही दिसतं. लेवीय १५ प्रमाणे तिचं अंथरूण अशुद्ध, ती बसली ती जागा अशुद्ध, तिला शिवला तो अशुद्ध. बारा वर्षं तिला सभेत जागा नव्हती. म्हणून ती गर्दीत मागून आली, चोरून शिवली, आणि निसटून जाणार होती. येशूने थांबून तिला पुढे बोलावलं. सगळं सांगू दिलं, सगळ्यांसमोर. आणि तिला "मुली" म्हटलं. आपली लेक या अर्थाने शुभवर्तमानात दुसऱ्या कुठल्याही एकट्या स्त्रीला त्याने हाक मारलेली नाही. तिचं रक्त थांबलं होतं तेव्हाच ती गेली असती तर तिला आरोग्य मिळालं असतं, पण माणसांत जागा मिळाली नसती. तिला दोन्ही मिळावं म्हणून तो थांबला.

तुमचं आरोग्य कधी आणि किती परत येईल ते मला सांगता येणार नाही. पण मंडळीतली तुमची जागा आत्ताच परत मिळवता येते, त्यासाठी बरं होईपर्यंत थांबायचं नाही. त्यासाठी काही गोष्टी करा. पाळकांना किंवा त्यांच्या पत्नीला आजाराचं नाव आणि त्रास साध्या शब्दांत सांगा: "मला कधीही उठून जावं लागतं, दोन मिनिटंही थांबता येत नाही." चर्चच्या आवारातला संडास बऱ्याचदा कुलूपबंद असतो, त्याची एक किल्ली स्वतःकडे मागून घ्या. बाजूच्या दाराजवळची कडेची जागा ठरवा. पहाटे आणि सकाळी आतडी सगळ्यात जास्त धावतात, म्हणून सायंकाळची उपासना असेल तर तिला जा. उत्तम शुक्रवारची बारा ते तीनची उपासना पूर्ण बसलंच पाहिजे असं नाही, येशूच्या क्रुसावरच्या सात वचनांपैकी दोन ऐकून घरी आलात तरी चालतं. पिशवीत जादा कपडे, पॅड, ओले टिश्यू आणि एक प्लास्टिकची पिशवी ठेवा; ती जवळ आहे या भरवशानेच निम्मी घाई कमी होते. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर प्रभुभोजनाला वेगळा लहान पेला मागा. आणि डॉक्टरांना विचारा की गुदाशयात रात्री ठेवायचं मेसालामाइन देता येईल का. ही सततची घाई बहुतेक करून गुदाशयाच्या सुजेमुळे असते आणि तिथेच लावलेलं औषध तिच्यावर चांगलं चालतं. लाजेपोटी ते नाकारणारे फार आहेत.

मग विश्वासाचं काम काय, असं वाटेल. पौलाने शरीरातला काटा (त्याचा न जाणारा त्रास) काढ म्हणून देवाला तीनदा विनंती केली, आणि काटा राहिला. "माझी कृपा तुला पुरे आहे" हे उत्तर काटा राहिलेल्या माणसाला मिळालेलं आहे. प्रार्थनेने कॅलप्रोटेक्टिन उतरतं असा दावा मी करणार नाही. पण कोलोनोस्कोपीच्या आदल्या रात्री आतडं साफ करणारं ते औषधी पाणी पीत बसलेली, स्टेरॉइडने चेहरा सुजलेला असताना आरशासमोर उभी राहणारी, मोठं आतडं काढावं लागल्यावर पोटावरच्या पिशवीसह गायनमंडळात परतलेली माणसं मी पाहिली आहेत. हा आजार संपत नाही, त्यामुळे न संपणाऱ्या गोष्टीसोबत रोज उठायला काहीतरी लागतं. त्यांना ते स्तोत्रांतून मिळालं. ज्या दिवशी काहीच मिळत नाही त्या दिवसासाठी ८८ वं स्तोत्र आहे. ते अंधारातच संपतं, शेवटी दिलासा येत नाही, तरी ते प्रार्थनाच आहे. आणि हे असे दिवस आठवडेच्या आठवडे चालले, झोप उडाली, जगणं नकोसं वाटू लागलं, तर तेही डॉक्टरांना सांगा. या आजारात नैराश्य आणि चिंता नेहमीपेक्षा जास्त आढळते, आणि त्यावर उपचार आहेत.

या आठवड्यात काय करायचं ते सांगते. डॉक्टरांकडे जाऊन गोळ्या कधी बंद केल्या, का केल्या, ते खरं सांगा. ते रागावतील ही भीती बाजूला ठेवा, त्यांना तारीख कळणं जास्त गरजेचं आहे. घरात उरलेलं जुनं स्टेरॉइड स्वतःच्या मनाने सुरू करू नका. अंगदुखीला आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेऊ नका, पॅरासिटामॉल घ्या. कुणी दिलेली बिनलेबलची पावडर किंवा काढा नको, त्यात काय मिसळलंय ते कळत नाही. दिवसात सहा किंवा जास्त वेळा रक्ताची शौच आणि सोबत ताप किंवा बसल्या जागी ९० च्या वर नाडी असेल, किंवा पोट फुगून दुखत असेल, तर अंगावर काढू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या दवाखान्यात जा. आणि आजाराला आठ वर्षं झाली की कोलोनोस्कोपी नेमाने करावी लागते, कारण सूज जुनी झाली की कर्करोगाचा धोका वाढतो. त्याची नोंद आत्ताच फाइलवर करून ठेवा.

आईंना सोबत न्या. डॉक्टरांना विनंती करा की कोलोनोस्कोपीचे फोटो त्यांना दाखवून दोन मिनिटं समजावून सांगा. आतल्या जखमा डोळ्यांनी पाहिल्यावर आया उपासाचं नाव काढत नाहीत, हे मी बऱ्याच वेळा पाहिलं आहे. निघण्याआधी पाळकांना घरी बोलवा, याकोबाच्या पत्रात सांगितल्याप्रमाणे तेल लावून प्रार्थना करून घ्या, आणि त्यांच्यासमोरच गोळ्यांची चिठ्ठी पर्समध्ये ठेवा.